डायरेक्ट

आमच्या वऱ्हाडात कुठलीही वस्तू बिघडली की दुरुस्त व्हायच्या आधी ती डायरेक्ट होते. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर गेला, करा डायरेक्ट. पंख्याचा रेग्युलेटर जळला, कूलरचं बटण बसलं, स्टॅबिलायझर गुरगुरायला लागला, मोटरसायकलची किल्ली हरवली, सगळ्यावर हाच इलाज. मधली अडणारी वस्तू काढून टाकायची आणि इकडची वायर तिकडे जोडायची. पंखा फिरतो, पाणी येतं, गाडी चालू होते. ती मधली वस्तू पुन्हा बसवायची होती, हे मग कोणाच्या लक्षात राहत नाही. दहा-दहा वर्षं सगळं डायरेक्ट असलेली घरं मी पाहिली आहेत, आणि त्यातली माणसं मजेत आहेत.

माझे वडील अचलपूरला वायरमन होते. डायरेक्ट करण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नसेल. पण त्यांची एक सवय होती. डायरेक्ट केलेल्या प्रत्येक जोडणीवर ते लाल चिंधी बांधत. आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या त्यांच्या खिशात कायम असायच्या. "चिंधी बांधल्याबिगर डायरेक्ट सोडाचं नाई," ते म्हणत. "आपल्याले माईत हाये का हे डायरेक्ट हाये. उद्या दुसरा येईन, त्याले काय माईत?" लोक त्यांना हसत. मी तर त्यांच्या तोंडावर हसायचो. बाप वायरमन आहे का नवस बोलणारा पुजारी, असं एकदा म्हणालोही होतो. ते चिंधीची गाठ मारत राहिले.

मी शिकलो आणि अमरावतीला आलो. गेली वीसेक वर्षं संगणकाची कामं करतो. मोठ्या कंपन्या नाहीत. दालमिल, शाळा, वकिलाचं ऑफिस, छोटे दवाखाने, जिथं चार-पाच संगणक असतात आणि ते सांभाळायला वेगळा माणूस नसतो. तिथला वेगळा माणूस म्हणजे मी, आणि मी असतो फोनवर. हा धंदा निम्मा फोनवरच चालतो. "बंद करून चालू करा" या एका वाक्यावर मी घर बांधलं, असं माझी बायको म्हणते, आणि ते फारसं खोटं नाही.

अकोल्याची ती पॅथॉलॉजी लॅब अशीच माझ्याकडे आली. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, कडक, कमी बोलणाऱ्या. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायच्या आणि मान वर केली की समोरच्याच्या अंगात काहीतरी सापडल्यासारखं बघायच्या. संगणक सांभाळायला एक ताई होत्या, तिशीच्या, बाळापूरहून रोज बसनं येणाऱ्या. पेशंटचं नाव घालणं, रिपोर्ट छापणं, मेल बघणं, फोन घेणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांच्या टेबलावर पेनं उंचीप्रमाणे लावलेली असायची. मला अशा माणसांची थोडी चीड येते, कारण मी तसा नाही.

डॉक्टरबाईंची मागणी साधी होती. सगळे रिपोर्ट संगणकात हवे, आणि संध्याकाळी घरून त्यांना ते उघडून तपासता यायला हवेत. म्हणजे बाहेरून आत यायला एक दार ठेवावं लागणार होतं. दार ठेवलं की पहारा आला. त्यासाठी फायरवॉल असते. दिसायला तो एक डबा असतो, पुस्तकाएवढा. बाहेरचं इंटरनेट आणि आतले संगणक यांच्या मधोमध बसतो आणि कोणाला आत घ्यायचं, कोणाला परत पाठवायचं ते ठरवतो. डॉक्टरबाईंचा घरचा संगणक आला की आत, दुसरं कोणी आलं की बाहेर, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं.

डबा मात्र मी जुना बसवला. अमरावतीच्या एका ऑफिसातून बदलून काढलेला माझ्या कपाटात पडून होता. चालू होता. त्याचा आतला पंखा आवाज करायचा, तो मी काढून टाकला होता. डॉक्टरबाईंनी विचारलं, "चांगला आहे ना?" मी म्हणालो, "चांगल्या कंपनीचा आहे मॅडम." या उत्तरात खोटं काहीच नव्हतं, आणि खरंही काही नव्हतं. अशी उत्तरं मला फार पटकन सुचतात.

हिवाळाभर तो डबा गुमान चालला. मार्च सरता सरता पहिला फोन आला. अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं, आणि लॅबमधला एकुलता एक एसी रक्ताच्या नमुन्यांच्या खोलीला. बाहेरच्या खोलीत कूलर. डबा मी फ्रीजच्या वर ठेवला होता, कारण तिथं प्लगची सोय होती. खालून फ्रीजची गरमी, वरून पत्र्याची. दुपारी दोन वाजले की डबा झोपायचा. हिरवा दिवा जाऊन पिवळा लागायचा आणि इंटरनेट बंद. रिपोर्ट जायचे थांबायचे, डॉक्टर मंडळींचे फोन सुरू व्हायचे, बाकावर पेशंट चुळबुळ करायचे.

"भाऊ, पिवळा दिवा लागून रायला," ताई सांगायच्या.

"बंद करून चालू करा."

वीस मिनिटं चालायचा, की पुन्हा पिवळा. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात ते हेच. मला तेव्हाच बसनं जायला हवं होतं. नवा डबा बसवायचा, तो हवेशीर जागी ठेवायचा, एक जादाचा कपाटात ठेवून द्यायचा, म्हणजे हा गेला की तो. एका दिवसाचं काम. पण अमरावतीहून अकोला म्हणजे जाऊन-येऊन दिवस मोडतो, आणि मे महिन्यात मूर्तिजापूरच्या पुढे बसच्या खिडकीतून जी हवा येते ती खाऊन मी यापूर्वी दोनदा आजारी पडलो होतो. मी आळशी होतो. दुसरा शब्द शोधत बसण्यात अर्थ नाही.

एका दुपारी ताईंचा तिसऱ्यांदा फोन आला. पाठीमागे कोणाचं तरी लेकरू रडत होतं, कोणीतरी चढ्या आवाजात रिपोर्ट मागत होतं. मी जेवत होतो. म्हणालो, "ताई, असं करा. डब्यात दोन वायरी आहेत ना, त्यातली निळी काढा. ती थेट खालच्या स्विचमध्ये लावा, सगळ्या संगणकांच्या वायरी जातात त्या पट्टीत. डायरेक्ट करून टाका."

"अन् डब्बा?"

"डबा राहू द्या तसाच. संध्याकाळी थंड झाला की निळी वायर परत त्यात लावायची."

त्यांनी लावली. इंटरनेट सुरू झालं. सुरू होणारच होतं, कारण याची तयारी मी स्वतःच आधी करून ठेवली होती. डबा कधी दगा देईल हे मला ठाऊक होतं. म्हणून इंटरनेट कंपनीच्या राउटरमध्येही मी तेच दार उघडून ठेवलं होतं, म्हणजे डायरेक्ट असतानाही डॉक्टरबाईंना घरून आत येता यावं, त्यांची तक्रार येऊ नये. फरक एवढाच की या दारावर पहारा नव्हता. डॉक्टरबाई येऊ शकत होत्या तसं जगातलं कोणीही येऊ शकत होतं. मध्ये उरला होता फक्त एक पासवर्ड, आणि तो लॅबच्या नावापुढे एक-दोन-तीन असा होता. तोही मीच ठेवलेला.

फोन ठेवायच्या आधी ताईंनी विचारलं, "भाऊ, कायी खूण करून ठेवू का? नाई तं संध्याकायी ध्यानात नाई रायनार, का हे डायरेक्ट हाये म्हनून."

मला वडील आठवले असते तर बरं झालं असतं. मला हसू आलं. म्हणालो, "बांधा चिंधी. लालच बांधा."

त्यांनी ते खरंच ऐकलं. पर्समध्ये त्यांच्या मुलीची शाळेची लाल रिबीन होती, ती त्यांनी निळ्या वायरला बांधली. नंतर रोजचा क्रम झाला. दुपारी डायरेक्ट करायचं, रिबीन बांधायची. संध्याकाळी घरी जाताना वायर डब्यात, रिबीन ड्रॉवरमध्ये. महिनाभर त्या बाईनं हे न चुकता केलं. मी एकदाही विचारलं नाही की किती दिवस असं चालणार. फोन येणं बंद झालं होतं, माझ्या हिशेबी अकोल्याचं काम सुरळीत होतं.

मग एका शनिवारी तो डबा उठलाच नाही. संध्याकाळी निळी वायर परत लावली तरी पिवळाच दिवा. ताईंनी मला फोन केला. मी अमरावतीत एका लग्नात होतो, हातात ताट होतं. "सोमवारी बघू," मी म्हणालो. "आज राहू द्या डायरेक्ट."

"दोन दिवस?"

"काही होत नाही हो ताई."

सोमवारी सकाळी नऊला फोन आला तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. संगणकातली एकही फाईल उघडत नव्हती. प्रत्येक फाईलच्या नावापुढे कसलीतरी अक्षरं लागली होती, आणि पडद्यावर इंग्रजीत मजकूर होता की तुमचं सगळं आम्ही कुलूपबंद केलं आहे. बॅकअपची डिस्क? ती त्याच संगणकाला कायम लावलेली, म्हणजे तीही गेली. ती तशी लावून कोणी दिली हे वेगळं सांगायला नको.

दुपारी बाराच्या सुमारास मी पोचलो. त्या दिवशी बसमधली गरम हवा मला जाणवली नाही. काय झालं असेल ते मला बडनेरा सोडायच्या आतच कळलं होतं.

गेलं ते नुसते जुने रिपोर्ट नव्हते. त्याच्या आदल्या आठवड्यात लॅबनं बाळापूरला शिबिर घेतलं होतं, सिकलसेलच्या तपासणीचं. आमच्या भागात हा रक्ताचा आजार आहे. नवरा-नवरी दोघांच्याही रक्तात तो थोडा थोडा असला तर लेकरात तो पुरा उतरू शकतो, म्हणून लग्नाआधी तपासून घ्या असं सांगत फिरावं लागतं. पोरं-पोरी घाबरतात, घरचे त्याहून घाबरतात, की रिपोर्ट वाईट आला तर स्थळ मोडेल. त्यांना समजावून आणलं होतं ताईंनी. त्यांचंच गाव, त्यांच्याच ओळखी. घरोघरी जाऊन त्यांनी सांगितलं होतं, तुमचं नाव कोणाला कळणार नाही, कागद तुमच्याच हातात पडेल. ते सगळे रिपोर्ट संगणकात होते आणि छापायचे राहिले होते.

मी लॅबमध्ये शिरलो तेव्हा डॉक्टरबाई आतल्या खोलीत फोनवर बोलत होत्या. ताई बाहेर पेशंटना परत पाठवत होत्या. फ्रीजजवळ कोणी नव्हतं. निळी वायर स्विचमध्ये होती आणि तिच्यावर लाल रिबीन, नीट फुलाची गाठ मारलेली, शाळेतल्या पोरीच्या वेणीला मारतात तशी.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी मी एवढा वेळ इकडचं-तिकडचं सांगत बसलो.

मी रिबीन सोडली आणि खिशात घातली. निळी वायर स्विचमधून काढून डब्यात लावली. डबा शनिवारपासून बंद होता, थंड झाला होता. बटण दाबल्याबरोबर मेल्याचा हिरवा दिवा लागला. या सगळ्याला अर्धं मिनिटही लागलं नसेल. त्या अर्ध्या मिनिटात माझा हात थरथरला नाही, हे मला आजही नीट आठवतं.

मग संगणकासमोर बसलो. आत येण्या-जाण्याची नोंद संगणक ठेवतो. त्यात दिसत होतं की रविवारभर कोणीतरी त्या उघड्या दारावर एकामागून एक पासवर्ड लावून पाहत होतं, आणि एक लागला. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि बंद केलं.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "कसं झालं हे?"

आमच्या धंद्यात एक जादूचं वाक्य आहे. ते कधी वाया जात नाही, कारण ते खोटं आहे असं कोणी सिद्ध करू शकत नाही. मी ते म्हणालो. "कोणीतरी काहीतरी क्लिक केलं असेल मॅडम. एखादा मेल उघडला असेल."

मेल उघडणारं माणूस त्या लॅबमध्ये एकच होतं.

ताई फायलींच्या कपाटापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "म्याडम, वायर डायरेक्ट होती. शनवारपासून. भाऊनंच सांगतलं होतं."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फ्रीजवर बोट दाखवलं. "डब्यातच आहे की. हिरवा दिवा लागलाय, बघा."

डॉक्टरबाईंनी पाहिलं. ताईंनीही पाहिलं. त्या दोन पावलं पुढे आल्या, वायरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता त्या ओरडतील, भांडतील. तसं झालं असतं तर कदाचित मी मोडलो असतो. त्यांच्या तोंडावर राग नव्हताच. एखाद्याला आपण खिळा ठोकलेला आठवत असतो आणि भिंतीवर खिळा नसतो, तेव्हा माणूस जसा गोंधळतो, तसा गोंधळ होता.

चोराच्या उलट्या बोंबा ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. चोर इतक्या शांत आवाजात बोंबलतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी मी संगणक पूर्ण पुसून नव्यानं बसवला. दुसरा इलाजच नव्हता, असं मी म्हणालो, आणि खरंच नव्हता. नोंदही त्यात पुसली गेली, हे मी कोणाला सांगितलं नाही. आठवडाभरात लॅबला मी नवी फायरवॉल बसवून दिली. ती भिंतीवर, फ्रीजपासून लांब, कूलरचं पाणी उडणार नाही अशा जागी. दुसरी तशीच तयार करून कपाटात. उघडं दार बंद केलं. पासवर्ड असा ठेवला की मलाही पाठ होईना. त्यानंतर कितीतरी उन्हाळे गेले, तो डबा एकदाही पिवळा झालेला नाही. त्यामुळे तो डायरेक्ट करायची वेळही कोणावर आली नाही.

सगळी अक्कल मला तेव्हा सुचली. पहारेकरी मधूनमधून झोपणारा असला तर माणसं त्याला ओलांडून जायला शिकतात, आणि तो जागा असतानाही मग ओलांडूनच जातात. त्यापेक्षा पहारेकरी नसलेला बरा. माणूस निदान दाराला कडी घालतो. मोठ्या कंपनीत डबा बंद पडला तर चार माणसं धावत येतात. छोट्या जागी समोर बाकावर पेशंट असतात, एक बाई असते, आणि फोनवर जेवता जेवता बोलणारा मी असतो. तिथं डबा भरवशाचाच हवा, कारण तिथं त्याच्या मागे दुसरं कोणीच नसतं. हे मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगतो. लोक म्हणतात, तुम्ही फार तळमळीनं सांगता.

बाळापूरच्या पोरा-पोरींना पुन्हा सुई टोचून घ्यायला बोलवावं लागलं. ते फोन ताईंनीच केले. बरेच जण आले नाहीत. एकदा आलो, पुन्हा नाही, असं म्हणाले. त्यांच्यातल्या किती जणांची लग्नं तशीच, न तपासता झाली, ते मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची हिंमतही नाही.

डॉक्टरबाईंनी ताईंना काढलं नाही. त्यांना संगणकावरून उठवलं आणि काचेच्या नळ्या धुवायला बसवलं. महिन्याभरानं मी फोन केला तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "ती सोडून गेली. बरंच झालं म्हणा."

"हो ना," मी म्हणालो.

हे दोन शब्द मला बाकी सगळ्याहून जास्त टोचतात. रिबीन मी घाबरून काढली असं स्वतःला सांगता येतं. हे मात्र कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

रिबीन माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहिली. टाकून द्यायला कितीदा काढली, पुन्हा ठेवली. वडील त्याच सुमारास गेले. त्यांच्या वस्तू आवरताना सदऱ्याच्या खिशातून चिंध्यांची गुंडाळी निघाली आणि मी बायकोसमोर रडलो. तिला वाटलं, बापासाठी रडतोय. मी तसं वाटू दिलं.

गेल्या हिवाळ्यात बाळापूरला एका दालमिलचं काम निघालं. कुठल्यातरी कागदाची झेरॉक्स हवी होती, म्हणून स्टँडजवळच्या दुकानात गेलो. ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील, झेरॉक्स, फोटो, असं ते दुकान. काउंटरमागे ताई होत्या. पेनं उंचीप्रमाणे लावलेली. परत फिरायला उशीर झाला होता, त्यांनी मला पाहिलं होतं.

कागद घेतला, झेरॉक्स काढली, माझ्यापुढे ठेवली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, माह्या पोरीची रिबीन तुमच्यापाशीच हाये ना?"

मी मान डोलावली.

"सकायी मी आली तवा होती वायरले. तुमी आल्यावर नव्हती." त्या झेरॉक्सचं झाकण बंद करत म्हणाल्या. "दोन वर्सं मलेच वाटे का खरंच मी कायी दाबलं असन. सारं गाव म्हने का इनं एक बटन दाबलं अन् सगळ्याइचे रिपोर्ट घालवले. सासरा म्हने, म्हनूनच बाईले कामाले नाई धाडाचं. मी रोज रात्री निजताना आठवून पाये, कोनता मेल, कोनता मेल. मंग रिबीन आठवे. रिबीन तं मी सपनात नाई ना बांधली."

"ताई, मी…"

"तवा बोलले असते तं बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. मागे उभ्या पोराला त्यांनी पुढे बोलावलं, त्याचा फॉर्म घेतला.

दुसऱ्या दिवशी मी ती रिबीन घेऊन अकोल्याला गेलो. डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. जुन्या डब्यापासून, पासवर्डपासून, लग्नातल्या ताटापासून, "हो ना"पर्यंत. त्यांनी सूक्ष्मदर्शक बाजूला सारला होता. संपल्यावर म्हणाल्या, "मी तिला नळ्या धुवायला बसवलं." थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाल्या. मग लॅबच्या कागदावर स्वतःच्या हातानं दाखला लिहिला: अमुक वर्षं काम केलं, अत्यंत चोख, त्या प्रसंगी झालेल्या नुकसानाशी यांचा काही संबंध नव्हता, चूक यांची नव्हती. शिक्का मारला. "हा पोस्टानं पाठवायचा नाही," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही स्वतः नेऊन द्या. मी रविवारी तिच्या घरी जाणार आहे. तुम्ही आज जा. आणि उद्यापासून इथं येऊ नका."

अकोल्याहून बाळापूरला बस लागलेलीच होती. दुकानात दोन पोरी फॉर्म भरायला थांबल्या होत्या. मी दाखला दिला, त्यावर रिबीन ठेवली. ताईंनी रिबीन उचलून बाजूला ठेवली. पोरगी आता कॉलेजला जायच्या वयाची झाली असणार, तिला तिचा काही उपयोग नव्हता. दाखला त्यांनी उभ्यानंच वाचला, सावकाश, ओठ हलवत. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला.

"यात लिवलं का चूक माही नव्हती."

"हो."

"कोनाची होती, ते नाई लिवलं."

काउंटरला दोरीनं बांधलेलं पेन होतं. मी ते घेतलं. शिक्क्याखाली जागा होती तिथं लिहिलं की वायर माझ्या सांगण्यावरून डायरेक्ट केली होती, त्यावरची खूण मी काढली, आणि मी खोटं बोललो. माझं पूर्ण नाव लिहिलं, सही केली. त्या दोन पोरी बघत होत्या. हे त्यांच्यासमोर व्हावं असं ताईंना वाटत असावं, कारण त्यांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं नाही.

"तारीख टाका," ताई म्हणाल्या.

मी आजची तारीख लिहायला लागलो. त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"आजची नाई, भाऊ. तुमाले मालूम झालं, त्या दिवसाची."

तो मे महिन्यातला सोमवार होता. तारीख मला आठवावी लागली नाही.